निसटलेले हातमोजे

३ जून १९५०. नेपाळमधल्या अन्नपूर्णा शिखरावरून, म्हणजे ८०९१ मीटर उंचीवरून, दोन फ्रेंच गिर्यारोहक खाली उतरत होते. एक मॉरिस हर्झॉग, दुसरा लुई लाशनाल. आठ हजार मीटरपेक्षा उंच अशा एखाद्या शिखराच्या माथ्याला माणसाचे पाय लागले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. एव्हरेस्ट सर व्हायला अजून तीन वर्षं अवकाश होता. हवा बिघडत चालली होती. लाशनालला पायांची काळजी लागली होती, म्हणून तो घाईघाईनं पुढे गेला होता. हर्झॉग मात्र आनंदाच्या गुंगीत होता. वाटेत तो थांबला. पाठीवरची पिशवी उतरवली, हातमोजे काढून बर्फावर ठेवले आणि पिशवीचा बंद सोडला. पिशवीतून त्याला काय काढायचं होतं, ते त्याला पुढे कधीही आठवलं नाही. तेवढ्यात हातमोजे घसरायला लागले. उतारावरून सावकाश निघाले, मग वेग घेतला आणि दिसेनासे झाले. तो नुसता बघत राहिला.

खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्याच पिशवीत मोज्यांची एक जादा जोडी होती, अडीअडचणीला म्हणून मुद्दाम ठेवलेली. ते मोजे हातांवर चढवले असते तरी निभावलं असतं. पण विरळ हवेत डोकं चालत नाही. त्याला ते सुचलंच नाही, आणि तो उघड्या हातांनी खाली आला.

आपल्या भाषेत या वस्तूचं नावच मुळी ‘हातमोजे’ असं आहे. मोजा हा शब्द फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ बूट. जर्मन लोक तर हातमोज्याला सरळ ‘हाताचा जोडा’ म्हणतात. हर्झॉग मराठी असता तर नावावरून तरी त्याला पिशवीतले मोजे आठवले असते की काय, असा एक खुळा विचार माझ्या मनात दर वेळी येऊन जातो. असो.

आज हिवाळ्यात आल्प्समध्ये, जपानमध्ये, अमेरिकेत आणि आपल्याकडे गुलमर्ग-औलीला हजारो हौशी माणसं स्की बांधून उतारावरून घसरतात. त्यांच्या हातात जे जाडजूड हातमोजे असतात, त्यांत बऱ्याच जणांच्या गेलेल्या बोटांचा इतिहास शिवलेला आहे. बर्फात हात उबदार ठेवायचे कसे, आणि त्याआधी कोरडे ठेवायचे कसे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आधी हातांचीच तक्रार समजून घेऊ. थंडी वाढली की शरीर फार हिशेबीपणानं वागतं. हृदय, फुप्फुसं, मेंदू यांची ऊब राखायची म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ते आखडून घेतं. आधी धड वाचलं पाहिजे, बोटांचं नंतर पाहू, असा तो हिशेब. त्यात बोटं म्हणजे बारीक नळकांडी. आकारमान थोडं आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ऊब झपाट्यानं निघून जाते. तरी निसर्गानं एक फट ठेवली आहे. १९३० साली सर थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की बोटं गार पाण्यात बुडवून ठेवली तर काही मिनिटांनी आखडलेल्या वाहिन्या आपोआप उघडतात, थोडी ऊब येते आणि वाहिन्या पुन्हा मिटतात. थंड पाण्यात काम करणाऱ्या कोळ्यांच्या हातांत ही उघडमीट जास्त जोरात चालते. आपल्यासारख्या उष्ण मुलखातल्या माणसांनी तिच्यावर फारसं विसंबून राहू नये.

दुसरा शत्रू ओल. हवेच्या मानानं पाणी सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. कोरड्या हातमोज्यात जी ऊब धरून ठेवलेली असते, ती लोकरीची किंवा कापसाची नसते, त्यांच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. त्या हवेची जागा पाण्यानं घेतली की हातमोजा आणि फडकं सारखंच. आणि हे पाणी बाहेरच्या बर्फातूनच येतं असं नाही. निम्मी भानगड आतून असते. स्कीइंग हा मेहनतीचा खेळ आहे. चढताना घाम येतो, उतरताना त्याच घामावर बोचरा वारा लागतो. शिवाय दोन्ही हातांत काठ्या घट्ट धरलेल्या असतात. मूठ आवळली की हातमोज्यातला हवेचा थर चेपला जातो आणि बोटांतलं रक्तही अडतं.

मला हे पुस्तकातून कळायच्या आधी गुलमर्गला कळलं. स्कीच्या सामानाबरोबर भाड्यानं मिळालेले हातमोजे वरून छान गुबगुबीत होते, आतून मात्र आदल्या गिऱ्हाइकाच्या घामानं किंचित दमट. हातात घालताना ते जाणवलं, पण म्हटलं, एवढ्यानं काय होतंय! वीस मिनिटांत बोटांचे शेंडे पांढरे पडले आणि जाकिटाची चेन मला ओढता येईना. शिकवणाऱ्या काश्मिरी मुलानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन्ही हात खांद्यापासून पवनचक्कीसारखे गरागरा फिरवायला लावले. त्यानं रक्त जोरानं बोटांच्या टोकांकडे फेकलं जातं. लोक हसत होते, पण बोटांत जीव आला. आणि जीव येताना ज्या कळा आल्या, त्या अजून विसरलेलो नाही.

बर्फातच ज्यांचा जन्म जातो, त्या लोकांनी हे कोडं फार पूर्वी सोडवलं होतं. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट बायका कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्याचे हातमोजे शिवत. कोरड्या थंडीसाठी कॅरिबू, तर पाण्यातल्या कामासाठी सीलचं कातडं. सीलच्या कातड्याला टाका घालताना सुई दोन्ही कातड्यांच्या आरपार जाऊ द्यायची नाही, असं त्यांचं कसब होतं. धागाही जनावराच्या स्नायुबंधाचा. भिजला की तो फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वस्तू घरात असायची. सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा, आणि त्याच्यावर टांगलेली जाळी. शिकारी घरी आला की त्याचे हातमोजे आणि बूट त्या जाळीवर वाळत पडायचे. ते रात्रभर वाळवणं आणि सकाळी कडक झालेलं कातडं मऊ करून देणं, हे घरातल्या बाईचं काम. शिकार कोणी केली हे सगळे सांगतात. ज्या बोटांनी ती केली, ती कोणी शाबूत ठेवली, हे क्वचितच सांगितलं जातं.

स्कॅन्डिनेव्हियाच्या उत्तरेकडचे सामी लोक वेगळी युक्ती करत. तिकडचं एक लव्हाळं उन्हाळ्यात कापून, कुटून, वाळवून त्याच्या जुड्या करून ठेवायच्या आणि हिवाळ्यात ते बुटांत नि हातमोज्यांत कोंबायचं. गवत घाम शोषून घेतं, रात्री बाहेर काढून वाळवायचं, सकाळी पुन्हा भरायचं. आतलं अस्तर रोज काढून वाळवता आलं पाहिजे, हे आजच्या महागड्या हातमोज्यांतलं तत्त्व या गवतात आहे.

या सगळ्या लोकांच्या हातमोज्यांना बोटं नसत. अंगठा तेवढा वेगळा आणि बाकी चार बोटं एकाच घरात. मराठीत याला वेगळं नाव नाही, आपल्याला गरजच पडली नाही, म्हणून इंग्रजीतलं ‘मिटन’ घेऊ. मिटनमध्ये चार बोटं एकमेकांना ऊब देतात, थंडीच्या रात्री एका पांघरुणात चार भावंडं झोपावीत तशी. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येकाला वेगळी खोली, आणि प्रत्येक खोलीला चारी बाजूंनी वारा. बारीक काम मात्र मिटनमध्ये होत नाही. ऊब की कामाची सोय, हा झगडा तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

नॉर्वेत लोकरीचं शास्त्र फार पुढे गेलं. तिथल्या सेल्बू गावची मारित नावाची सोळा वर्षांची मुलगी १८५७ साली चर्चमध्ये आली, ती पांढऱ्या-काळ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांच्या चांदणीचे मिटन घालून. गावभर त्याची चर्चा झाली आणि पुढे त्या नक्षीचे मिटन हा त्या गावाचा धंदाच होऊन बसला. नक्षी सुंदर आहेच, पण तिच्यात एक फायदा दडलेला आहे. दोन रंगांचे धागे वापरताना जो धागा पुढे दिसत नाही, तो मागून जातो. म्हणजे विणकाम आपोआप दुहेरी होतं आणि मधे हवा अडकते.

नॉर्वे-आइसलंडचे कोळी तर याहून पुढचे. त्यांचे मिटन मुद्दाम हाताच्या मापापेक्षा कितीतरी मोठे विणायचे. खाऱ्या पाण्यात भिजून, वल्ह्यावर घासून, पिळून-पिळून ते आटत जायचे आणि नमद्यासारखे घट्ट व्हायचे. कित्येक मिटनांना दोन अंगठे असत. एका बाजूचा तळवा झिजला की उलटून घालायचे. हे मिटन समुद्राच्या पाण्यात बुडवून, पिळून, ओलेच हातात घालत आणि त्यांतही हात उबदार राहत! आत्ताच मी ओल हा शत्रू म्हटलं, आणि हे काय? तर लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. शिवाय भिजली तरी ती सुती कापडासारखी चपटी होऊन अंगाला चिकटत नाही, तिची कुरळी घडण थोडी हवा धरून ठेवते. आपल्या धनगरांना हे सांगायला नको. चिंचोक्यांची खळ दिलेलं घोंगडं, त्याची खोळ डोक्यावर घेऊन आषाढातल्या पावसात माळावर दिवसभर उभा राहणारा मेंढपाळ हेच शास्त्र पांघरून असतो.

हे सगळं ज्ञान शहरी माणसाकडे पोहोचलं ते ध्रुवांच्या मोहिमांमधून. १८८८ साली फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्याचे पाच साथीदार स्कीवरून ग्रीनलंड आडवं ओलांडून गेले. या सहांत दोघे सामी होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. नान्सेनच्या पुस्तकानं युरोपभर स्कीचं वेड पसरवलं. त्याच्याच देशाचा रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तरेला दोन हिवाळे इन्युइटांच्या शेजारी राहिला आणि विद्यार्थ्यासारखा त्यांच्याकडून शिकला. कपडे सैल हवेत, हवा खेळली पाहिजे, घाम येता कामा नये, हे त्यानं तिथे गिरवलं. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला.

त्याच वर्षी त्याच खंडावर इंग्रजांची तुकडी दुसरा धडा गिरवत होती, फार महागात. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे, विल्सन, बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड, जूनच्या अखेरीस, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, अखंड काळोखात सम्राट पेंग्विनची अंडी आणायला निघाले. सुरुवातीलाच बर्फाच्या कड्यावरून घसरगाड्या वर ओढताना चेरी-गॅरार्डनं दोरी नीट धरता यावी म्हणून मिटनमधून हात बाहेर काढले. तापमान उणे ४४ सेल्सियसच्या आसपास. त्या थोड्या वेळात दहाच्या दहा बोटांना हिमदंश झाला. बोटांवर मोठाले फोड आले आणि त्या फोडांतलं पाणीसुद्धा गोठलं. फोडांत बर्फ घेऊन हा माणूस पुढे कित्येक आठवडे गाडी ओढत होता. पुढे पारा उणे ६० च्याही खाली गेला.

त्यांचे कपडे लोकरीचे आणि वर वाऱ्याला अडवणाऱ्या दाट विणीच्या सुती कापडाचे. गाडी ओढताना येणारा घाम त्यांतून बाहेर न पडता गोठायचा. एके सकाळी तंबूबाहेर येऊन चेरी-गॅरार्डनं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, तर तेवढ्यात कपडे गोठून कडक झाले. मान खाली येईना. चार तास त्यानं तशीच वर केलेल्या मानेनं गाडी ओढली. झोपायच्या पिशव्या बर्फ साठून दिवसेंदिवस जड होत गेल्या. वाळवायला ना जाळी, ना तसा दिवा. कातड्याचे मिटन त्यांच्याकडे होते, नव्हतं ते रोज रात्रीचं वाळवण. अखेर तीन अंडी घेऊन तिघेही जिवंत परतले. या प्रवासावर त्यानं १९२२ साली लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं.

स्की हे प्रवासाचं साधन राहिलं नाही, मौजेचा खेळ झाला, तेव्हा हातांपुढे नवी संकटं आली. सुरुवातीला वर चढायचं ते स्वतःच्या पायांनी. मग ओढून नेणारी यंत्रं आली. १९०८ साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात रॉबर्ट विंटरहाल्डर या माणसानं पाणचक्कीवर चालणारी अशी सोय केली. अमेरिकेत १९३४ च्या जानेवारीत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावी जुन्या फोर्ड मोटारीच्या इंजिनावर एक लांबलचक दोर गरगर फिरता ठेवला. दोर पकडायचा आणि तो टेकडीवर ओढून नेईल तसं जायचं. गंमत होती, पण तो दोर बर्फातून येणारा, भिजलेला, जड आणि खरखरीत. लोकरीचे मिटन त्यानं पार फाडून टाकले असते. इथे कातडं लागणारच.

मग लाकूडतोड्यांचे हातमोजे स्कीवाल्यांच्या हातात गेले. स्वीडनमधल्या हेस्ट्रा गावात १९३६ साली मार्टिन मॅग्नसन यानं हातमोज्यांचा धंदा सुरू केला तो लाकूडतोड्यांसाठी. जवळच्या टेकडीवर लोक स्कीइंगला यायला लागले, तसा तो त्यांच्यासाठीही हातमोजे करू लागला. आज त्या गावाचं नाव जगभरच्या स्कीवाल्यांच्या तोंडी आहे. कातडं वारा अडवतं, झिजत नाही, पकड देतं. पण त्याला तेल-मेण पाजत राहावं लागतं. हयगय केली की ते पाणी पितं, आणि एकदा प्यालेलं पाणी लवकर सोडत नाही. चुलीजवळ धरून घाईनं वाळवलं तर पापडासारखं कडक होतं.

स्नोबोर्डची कथा निराळी. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यानं आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक फळी केली. तिला पुढच्या टोकाला दोरी बांधून ती हातात धरायची. तीच ही स्नोबोर्डची आजी. १९९८ साली नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्येही गेला. या खेळात हातात काठ्या नसतात, म्हणून हात सुटले असं वाटेल. पण स्नोबोर्डवाला बांधलेल्या पायांनी सारखा बर्फात बसतो, पडतो, हात टेकून उठतो. बर्फाशी हातांची गाठ स्कीवाल्यापेक्षा जास्तच पडते. त्यामुळे इथे खरी कसोटी ओलीची.

या ओलीवर विज्ञानानं जे उत्तर काढलं, ते चक्क न चिकटणाऱ्या तव्याच्या घराण्यातलं. टेफ्लॉन १९३८ साली सापडलं होतं. अमेरिकेत गोर कुटुंबाच्या कारखान्यात रॉबर्ट गोर हा मुलगा १९६९ साली त्याच द्रव्याच्या कांड्या तापवून ताणायचा प्रयत्न करत होता. हळूहळू ताणल्या की तुटायच्या. वैतागून त्यानं एका कांडीला जोराचा हिसका दिला, तर ती न तुटता जवळजवळ दहापट लांब झाली! त्या ताणलेल्या पडद्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी. म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही आणि आतली वाफ बाहेर जाईल. १९७६ पासून या गोर-टेक्सचे कपडे बाजारात आले, पुढे हातमोजेही. हातमोज्यात हा पडदा एका पातळ पिशवीच्या रूपात बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये घातलेला असतो.

जाहिराती म्हणतात तितकं ते सोपं नाही. बाहेरचं कापड भिजून चिंब झालं की वाफेला जायला वाट उरत नाही आणि घाम आतच मुरतो. हात कोरडे ठेवणारा हातमोजा तेव्हा घामाची पिशवी होतो. शिवाय या जातीची रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, हे कळल्यावर अलीकडे त्या कंपनीनं वेगळ्या द्रव्याचे पडदे आणले आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर, ज्याचं अस्तर बाहेर काढून वाळवता येत नाही, तो हातमोजा कितीही महाग असला तरी मी दुकानात परत ठेवतो.

ऊब राखायची नाही, सोबत न्यायची, अशीही एक परंपरा आहे. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी घेऊन बसतो. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं आणि त्यात निखारे. हातांना याहून सुखाची जागा नाही. पण रोज पोटाशी निखारा धरल्यानं कातडी भाजत राहते आणि तिथे कर्करोग होतो, हे श्रीनगरच्या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. जपानी लोक तापवलेले दगड फडक्यात गुंडाळून छातीशी धरत. १९२३ साली मातोबा निइची यांनी तिथे धातूची एक डबी आणली. तिच्यात बेंझिनची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात ज्वाळा न होता जळते आणि डबी तासन् तास गरम राहते. १९७८ साली याहूनही सोपी पुडी निघाली. पुडीत लोखंडाचा भुगा, मीठ, कोळशाची पूड आणि थोडी ओल. वेष्टन फाडलं की हवा लागते आणि लोखंड गंजायला लागतं. गंजताना जी उष्णता निघते, तीच ही ऊब. एरवी आपण गंजाला शिव्या देतो, स्कीवाले तो हातमोज्यात घालून फिरतात.

आणि एवढं करूनही बोटं गोठली तर? इथे इतिहासानं फार काळ चुकीचं औषध दिलं. १८१२ च्या हिवाळ्यात नेपोलियनचं सैन्य रशियातून परतत होतं. त्याचा निष्णात शल्यवैद्य डॉमिनिक लॅरी यानं पाहिलं, की गोठलेले हातपाय शेकोटीवर धरणाऱ्या सैनिकांना गँगरीन होतं. निरीक्षण खरं होतं. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा गोठतो. पण त्यावरून त्यानं जो उपाय सांगितला तो म्हणजे बर्फानं चोळा. मोठ्या माणसाचा शब्द, त्यामुळे तो शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिला. गोठलेल्या पेशींमध्ये बर्फाचे टोकदार स्फटिक असतात. त्यांवर चोळणं म्हणजे काचेच्या चुऱ्यावर हात फिरवणं. १९३० नंतर रशियन डॉक्टरांनी आणि १९६० च्या सुमारास अलास्कात विल्यम मिल्स यांनी दाखवून दिलं, की कोमट पाणीच खरं. आज डॉक्टर ३७ ते ३९ अंशांचं पाणी वापरतात, चोळत नाहीत, आणि हात पुन्हा गोठण्याची भीती असेल तर तो उबवायची घाई करत नाहीत.

१९५० साली हे ज्ञान अन्नपूर्णेपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. हर्झॉग तंबूत आला तेव्हा त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. साथीदारांनी त्याचे हात आणि पाय जिवाच्या आकांतानं चोळले, दोरीच्या टोकांनी बडवलेसुद्धा. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. पुढची रात्र चौघांनी हिमभेगेत काढली. मग पाठीवर, पाळण्यात, डोलीत असा कित्येक आठवड्यांचा प्रवास. डॉ. जाक उदो वाटेत एकेक बोट कापत होते. काही बोटं तर आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या डब्यात, पावसाळ्याच्या दमट उकाड्यात, गाडी स्थानकावर उभी असताना कापली गेली आणि केराबरोबर दाराबाहेर झाडून टाकली गेली. हर्झॉगला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते प्रसिद्ध पुस्तक पॅरिसजवळच्या इस्पितळात पडल्या पडल्या सांगून लिहवलं. १९९६ साली लाशनालची डायरी काटछाट न करता छापली गेली तेव्हा हर्झॉगच्या हकिगतीबद्दल बरेच वाद झाले. हर्झॉगची जवळजवळ सगळी बोटं आणि लाशनालच्या पायांची बोटं मात्र वादापलीकडची. पुढे हर्झॉग फ्रान्सच्या क्रीडा खात्याचा मंत्री झाला. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं, त्या शामोनी गावाचा तो कित्येक वर्षं महापौर होता. २०१२ साली तो वारला.

आपल्याकडेही हा धडा फुकट मिळालेला नाही. गुलमर्गला १९२७ साली इंग्रजांनी स्की क्लब काढला तो हौसेसाठी. त्याच उतारांवर १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्या यांच्या पुढाकारानं लष्कराची स्की शाळा सुरू झाली, ती मात्र गरजेपोटी. तरीही १९६२ साली आपले कितीतरी जवान अपुऱ्या कपड्यांनिशी हिमालयात चढले आणि गोळीइतकेच हिमदंशानं जायबंदी झाले. सियाचेनवर १९८४ पासून जवान उभे आहेत. तिथे उघड्या हातानं बंदुकीचा धातू धरला तर कातडी त्याला चिकटते, आणि हातमोजा जाड असेल तर बोट चापापर्यंत जात नाही. म्हणून तिथे थरांवर थर. आत पातळ, वर जाड. एव्हरेस्टवर १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग यांच्या हातांतही असेच तीन थर होते. आत रेशमी, मग उबदार, वर वारा अडवणारा सुती.

शेवटी हर्झॉगच्या निसटलेल्या हातमोज्यांकडे परत येतो. त्या अपघातावर उपाय चाळीस वर्षं आधीच निघालेला होता. स्कॉटच्या माणसांचे कातडी मिटन कंदिलाच्या रुंद विणलेल्या वातीला दोन टोकांना बांधलेले असत आणि ती वात गळ्यात अडकवलेली असे. हात बाहेर काढला तरी मिटन छातीशी लोंबकळत राहायचा. थंड देशांतल्या आया लहान मुलांच्या हातमोज्यांना आजही अशीच दोरी लावतात, कोटाच्या एका बाहीतून दुसऱ्या बाहीत ओवलेली. आणि हल्लीच्या स्कीच्या हातमोज्यांना मनगटाशी एक लवचीक फासा असतो. भाड्याचे हातमोजे घेतलेत तर पाहा, बहुतेक लोकांनी तो कापून टाकलेला असतो.